भाडं-बिडं कसलं!

कुणाच्याही घरी गेले तरी मी खुर्चीच्या किंवा दिवाणाच्या कडेवर बसते. पाठ टेकत नाही. उठताना हात आपोआप मागे जातो आणि बसलेल्या जागेवरची चादर सारखी करतो. आमचे हे अजून त्यावरून चिडवतात. म्हणतात, "तू उठून गेलीस की इथं कुणी बसलं होतं हे पोलिसांनासुद्धा सांगता येणार नाही." मीही हसते. पण ही सवय एका घरानं लावलेली आहे, आणि त्या घराबद्दल मी कुणाशी फारसं बोलत नाही. लाज वाटते. डोक्यावर पांढरे केस आले तरी वाटते.

परवा मामाचा फोन आला. मामा आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलाय, मामी गेल्यापासून त्या घरात एकटाच असतो. म्हणाला, "नाशिकरोडचं घर बिल्डरला दिलंय. पुढच्या महिन्यात पाडतील. एकदा येऊन जा. तुमचं काही असलं तर घेऊन जा."

तुमचं काही असलं तर! त्या घरात आमचं काही सापडू नये यासाठी माझ्या आईनं तिथली सगळी वर्षं खर्ची घातली होती. तरी मी निघाले. मला त्या घरात आईची खूण शोधायची होती. एखादी रेघ, एखादा डाग, काहीही चाललं असतं. घर पडल्यावर कुठं शोधणार होते?

घर काही मोठं नव्हतं. पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, सगळं एका ओळीत. वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, दारापुढे ओटा. माझे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणायचे, सरकारी प्रेसमध्ये कामाला होते. रजा टाकून, चार नातेवाईक जमवून त्यांनी ते बांधलं. तेव्हा आई परकर-पोलक्यातली होती. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि नव्या भिंतींवर पाणी मारायची. ही गोष्ट ती आम्हाला पुष्कळदा सांगायची. "या भिंतीला मी पाणी मारलंय," म्हणायची आणि तळवा भिंतीवर ठेवायची. अगदी हलकाच. मग पदरानं ती जागा पुसायची.

वडील मनमाडला एका लाकडाच्या वखारीत होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठ ते गेले. वखारीच्या आवारातली खोली सोडावी लागली. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ राजू, तिघं एक ट्रंक आणि दोन गाठोडी घेऊन नाशिकरोडला उतरलो. आबा तोवर वारले होते आणि घर मामाच्या नावावर झालं होतं. मामा मुंबईला सरकारी नोकरीत, त्याला तिकडे क्वार्टर होतं. तो त्या दिवशी मुद्दाम आला होता. ओट्यावर उभं राहून त्यानं आईच्या हातात किल्ली दिली. आई भाड्याचं काहीतरी पुटपुटली. मामा मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "भाडं-बिडं कसलं! रिकामंच तर पडलंय. राहा की खुशाल."

शेजारपाजारच्या बायका दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. आईनं मान खाली घातली. मला वाटतं, ती मान नंतर त्या घरात पुरती वर झालीच नाही.

आईचे नियम पहिल्याच आठवड्यात ठरले. भिंतीला खिळा मारायचा नाही. भिंतीला तेलकट डोकं टेकायचं नाही. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंची मांडायची नाही, ती शेजारच्या पोरांनी आपापल्या घरी खुशाल मांडावी. पुढच्या खोलीत दोन खिळे होते. एकावर बुद्धाची तसबीर आणि दुसऱ्यावर निळ्या कोटातली. ते खिळे आबांनी ठोकलेले, म्हणजे ते चालत. आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं असायचं आणि वारा आला की उलटं व्हायचं. वडिलांचा फोटो मधल्या खोलीत फळीवर, डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला. डाळ काढायची झाली की वडिलांना आधी बाजूला करावं लागे.

पुढच्या खोलीत आबांचा सागवानी पलंग होता. त्यावर निळ्या पट्ट्यांची सोलापुरी चादर. ती चादर धुतली जायची, उन्हात वाळायची, पुन्हा ताणून घातली जायची. पण त्या पलंगावर कुणी झोपत नसे. तो मामाचा. आम्ही तिघं खाली फरशीवर गोधड्या घालून त्याच्या पायथ्याशी झोपायचो. उन्हाळ्यात फरशी गार लागायची, छान वाटायचं. थंडीत मात्र राजूचे दात वाजायचे. वर एवढा मोठा पलंग मोकळा आणि खाली दात वाजवणारं पोर! शेजारच्या गंगूमावशीनं एकदा आईला विचारलंच, "का गं सुमन, त्याच्यावर काय भूत बसतं का?" आई म्हणाली, "दादाचा हाये तो. उद्या आला तर?"

तो उद्या वर्षातून दोनतीनदा उगवायचा. एप्रिलात जयंतीला, कधी दिवाळीच्या सुट्टीत, कधी मामी-मुलांसह मे महिन्यात. मे महिन्यात वर्गातली सगळी मुलं मामाच्या गावी जायची. आम्ही बाराही महिने मामाच्या घरी. आम्ही कुठं जाणार? बाईंनी एकदा वर्गात विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं. सगळ्यांनी पटापट सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. "मामाचं," म्हणाले. मागून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे फुकटचं." कान तापून लाल होतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मामा येणार असला की आदल्या दिवशी घरातून आम्हाला काढून टाकण्याचं काम सुरू व्हायचं. दोरीवरचे कपडे ट्रंकेत. माझी पुस्तकं, राजूच्या गोट्या, आईची फणी-करंडा, सगळं ट्रंकेत. कॅलेंडरही गजावरून सुटायचं. वडिलांचा फोटो लुगड्यात गुंडाळून सगळ्यात तळाला जायचा. मग आई सोड्याच्या पाण्यानं फरशी घासायची. ओल्या शहाबादीचा तो थंड, खनिज वास अजून कुठं आला तर मी आधी मागे वळून आपली पावलं उमटली का ते बघते. शेवटी ती दारात उभी राहून सगळीकडे नजर टाकायची. घर आबांच्या वेळचं दिसायला लागलं की तिचं समाधान व्हायचं.

सकाळच्या गाडीनं मामा यायचा. हातात खारीचा पुडा, बगलेत पिशवी. "जयभीम!" अशी त्याची हाक ओट्यावरून आली की आम्ही तिघं उभे राहायचो. तो आत आला तरी उभे. तो बस म्हणाला तरी उभेच. आणि गंमत अशी, की मामा पलंगावर कधीच बसला नाही. आत येऊन इकडेतिकडे बघायचा, तसबिरींना हात जोडायचा आणि पुन्हा बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. म्हणायचा, "इथं वारा बरा लागतो." रात्रीही तिथंच सतरंजी टाकून झोपायचा. प्रेसचा भोंगा झाला, आगगाड्यांचा आवाज विरळ झाला की त्याचं घोरणं सुरू होई. आत पलंग रिकामा, पलंगाच्या पायथ्याशी आम्ही.

माझी खात्री होती, त्याला आमचा वास येतो. आईच्या लुगड्यांना दवाखान्याचा वास यायचा. ती नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती, फिनेलचा वास तिच्या हातांतून जायचाच नाही. मामाला तोच सहन होत नाही असं मी ठरवून टाकलं. तो आला की मी आईपासून जरा लांब उभी राहायची.

मामी आली की सगळ्या खोल्यांतून फिरायची. वाईट नव्हती ती. म्हणायची, "सुमनताई, घर अगदी आरशासारखं ठेवलंय हं." तेवढ्यावर आई चार दिवस हवेत असायची. पण एका मे महिन्यात मामीची कुणी मैत्रीण बरोबर आली होती. तिला मामी म्हणाली, "आमच्या नणंदबाई राखतात घर." आई चहा गाळत होती. तिचा हात थांबला नाही. मीच गाळणीकडे बघत राहिले. द्राक्षाच्या मळ्यात मचाणावर बसून पाखरं हाकणारा म्हातारा असतो, त्याला राखणदार म्हणतात, एवढं मला माहीत होतं.

मामा परत निघाला की आई त्याच्या पिशवीत काय काय भरायची! हंगाम असला तर पिंपळगावची द्राक्षं, नसला तर कुरडया, शेवया, लाल मिरच्या, सोललेला लसूण. मामा म्हणायचा, "अगं, किती देतेस!" ती म्हणायची, "राहू दे दादा." आम्हाला त्या द्राक्षांतली घडातून गळून पडलेली मिळायची. पाटीच्या तळाशी, कागदाला चिकटलेली, जराशी आंबूस. माझ्या तोंडात द्राक्षाची चव म्हणजे अजून तीच आहे.

आता एका दिवसाबद्दल सांगते. वडिलांचा वर्षदिन होता. सकाळी पुण्यानुमोदनाच्या वंदनेला चारपाच माणसं येऊन गेली, खीर झाली, उदबत्तीचा वास घरात राहिला होता. फोटो नेहमीसारखा डाळीच्या डब्याला टेकवूनच, समोर मेणबत्ती. माणसं गेल्यावर राजू खेळायला पळाला. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. मधल्या खोलीतून ठक् ठक् आवाज आला म्हणून डोकावले. आई स्टुलावर चढली होती. एका हातात खिळा, दुसऱ्यात वरवंटा. भिंतीला खिळा मारत होती. माझी आई!

खिळा गेला. तिनं वडिलांचा फोटो लावला, खाली उतरली, दोन पावलं मागे आली आणि बघत राहिली. मग जे तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. समोरच्या भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली. पदर खांद्यावरून सरकला होता, तो तिनं सावरला नाही. मी दारातून बघते आहे हे तिला कळलं. म्हणाली, "चांगले दिसतात ना गं तिथं?"

तेव्हा ती माझ्या आताच्या वयाहून किती लहान होती!

संध्याकाळी गल्लीतले एक गृहस्थ मुंबईहून आले. ओट्यापाशी थांबून म्हणाले, "तुमचे दादा उद्या सकाळच्या गाडीनं येतायत बरं का. निरोप दिलाय." आईनं मान हलवली, आत आली, स्टूल ओढलं. फोटो उतरवला. खिळा हलवून हलवून काढला तसा भिंतीचा चुना सुटला आणि बोट जाईल एवढं भोक पडलं. ती घाबरली. मग तिनं फळीवरची दंतमंजनाची पांढरी पूड वाटीत घेतली, पाण्याचे थेंब टाकून मळली आणि बोटानं त्या भोकात भरली. वरून तळव्यानं सपाट केली. जागा जरा जास्तच पांढरी दिसत होती, म्हणून तिनं त्यावर चुलीतल्या राखेचं बोट फिरवलं. सगळं झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय बोलू नको."

मग कितीतरी दिवस, घरात कुणी नसलं की मी त्या जागेला नाक लावायची. भिंतीला लवंगेचा आणि कापराचा वास यायचा.

वर्षं गेली. मी नोकरीला लागले, राजू सिन्नरला कारखान्यात लागला. मामा निवृत्त होणार असं कानावर आलं. त्यानं घराबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आई मात्र म्हणाली, "त्यानं सांगायच्या आत आपण निघालेलं बरं." सिन्नर फाट्याकडे एक भाड्याची खोली मिळाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं आणि आई आत घर पुसायला राहिली. मागच्या दारापासून सुरुवात करून ती उलटी उलटी पुढे येत होती, म्हणजे पुसलेल्यावर तिचं पाऊल उमटू नये. शेवटी उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं हात लांब केला आणि उंबऱ्याच्या आतला आपलाच ओला ठसा पुसून टाकला. किल्ली नव्या रुमालात बांधून मामाकडे पाठवली. मग ती कधीही त्या घरी राहायला गेली नाही. भाऊबीजेला मामा बोलवायचा, ती उभ्या उभ्या जाऊन यायची. नव्या खोलीत तिनं वडिलांचा फोटो पहिल्याच दिवशी लावला. तिथलं भाडं ती देत होती ना! दहा वर्षांमागे गेली ती, त्याच खोलीत.

आई गेल्यापासून मी इकडे फिरकले नव्हते. रिक्षातून उतरले तेव्हा आजूबाजूला सगळ्या इमारती, मध्ये एवढंसं ते घर. मामा ओट्यावरच बसला होता. काठी टेकत उठला, "आत ये" म्हणाला. मी आत गेले आणि निर्लज्जासारखी भिंती बघायला लागले. पुढची खोली, दोन खिळे, दोन तसबिरी. पलंग तिथंच, चादर मात्र दुसरी. चौकटी रंगवलेल्या. स्वयंपाकघरात नवा ओटा. कुठं काही नव्हतं. आईनं आपलं काम किती चोख केलं होतं!

मग मी मधल्या खोलीत गेले.

भिंतीवर आईचा फोटो होता. त्याच जागी. स्टुलावर चढल्यावर तिचा हात जिथं पोचला असेल, बरोबर तिथं.

मामा मागे येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "मी राहायला आलो तेव्हा घर असं होतं, जसं काही इथं कुणी राहिलंच नव्हतं. एवढी वर्षं तुम्ही राहिलात, पोरं मोठी झालात, आणि साधा ओरखडा नाही. मला फार लागलं ते. मी सगळीकडे शोधलं गं. ही एकच जागा सापडली. नख लावलं तर दंतमंजनाचा वास आला." त्यानं काठी फोटोकडे केली. "सुमी गेली तेव्हा इथंच खिळा मारला."

विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "मामा, तू कधी पलंगावर का नाही झोपलास? आम्हाला वाटायचं, तुला आमची किळस येते."

तो म्हणाला, "अगं, तो मी तुमच्यासाठी सोडला होता. मी बाहेर झोपलो तर निदान तेवढे दिवस तरी ती वर झोपेल, असं मला वाटायचं." मग म्हणाला, "आणि आत कसा बसणार? मी आलो की तुम्ही सगळे उभे राहायचात. बहिणीच्या घरी आलोय असं मला एकदा तरी वाटू द्यायचंत. या भिंतींना तिनंच पाणी मारलेलं. माझ्यासमोर मारलंय. घर नुसत्या माझ्या नावावर झालं आणि मी गप्प बसलो. वर पुन्हा चार बायकांसमोर म्हणालो, भाडं-बिडं कसलं! मोठा आलो होतो सांगणारा. तिच्याच घरात तिला फुकट ठेवली मी."

म्हाताऱ्या माणसाची मान अशी खाली गेलेली बघवत नाही. आईचीही अशीच जायची. एकाच घरात दोघं भाऊ-बहीण एकमेकांसमोर माना खाली घालून वावरले, आणि मी मधे उभी राहून दोघांचीही लाज बाळगत मोठी झाले.

"बस तू," मामा म्हणाला. "मी चहा आणतो. नाही, तू नाही करायचा. तू बस." त्यानं मला पुढच्या खोलीत आणलं आणि काठीनं पलंग दाखवला.

मी बसले. कडेवर नाही, चांगली मागे सरकून, पाठ भिंतीला टेकून बसले. आबांच्या पलंगावर मी जन्मात पहिल्यांदा बसत होते. लाकूड जरासं करकरलं. आतून स्टोव्ह पेटल्याचा, भांडं आपटल्याचा आवाज येत होता, आल्याचा वास येत होता. मी मनाशी म्हटलं, आज इथं सुरकुती पडू दे. आईच्या वाटणीचीही मीच बसते.

मामाची पावलं वाजली. काठी आतच ठेवून, दोन्ही हातांत कपबश्या घेऊन तो दारात आला. आणि माझे पाय खाली आले. मी उभी राहिले होते. हात मागे जाऊन चादर सारखी करत होता.

मामा दारातच थांबला. बशीत चहा सांडला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. दोघंही उभेच होतो आणि मधे तो पलंग होता, रिकामा.